देव आईबाप आहे ना, मग पुरात कुठं होता?

मळीरान: काल घरच्या ग्रुपवर चुलत्यांनी टाकलं, आई नाक दाबून कडू औषध पाजते तसंच देव दुःख देतो, आपल्याच भल्यासाठी. डोकं सणकलं. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आमच्या माळ्याला लागलं, दोन म्हशी दावणीलाच गेल्या, दावं कापायला कुणी पोचलंच नाही. औषध कुणाला पाजलं मग, म्हशींना? सख्ख्या आईनं असं केलं तर लोक पोलिसात देतील.

माळकरी: दादा, औषधाचं उदाहरण फालतूच आहे. पण म्हणून माउली खोटी होत नाही. तुकोबांची थोरली बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली, तरी माणूस विठोबाशीच भांडत राहिला. माझी आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, मी रोज देव्हाऱ्यासमोर बसून शिव्या घातल्यात. आईलाच घालतो ना आपण, शेजारणीला घालून बघा.

पायरी: माउली म्हणे! जनाबाईच्या अभंगात विठोबाच्या अंगाखांद्यावर लेकरंच लेकरं, चोखोबा तर जिवाबरोबर. आणि समाधी कुठं? पंढरीत महाद्वाराबाहेर. त्याच्या जातीला आत जायला १९४७ उजाडलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. एका लेकराला सहाशे वर्षं उंबऱ्याबाहेर ठेवते ती कसली आई ओ?

माळकरी: ते बडव्यांचं, तिथल्या पिढीजात पुजाऱ्यांचं पाप, देवाच्या माथी कशाला?

रांगेतला: बडव्यांचे हक्क २०१४ ला कोर्टाने काढले की, रांग हलली का? माझी आत्या, वय ७१, आषाढीला सोळा तास बारीत, पाय सुजून चपलेत मावेनात, आणि कुणाची तरी चिठ्ठी घेऊन आलेलं अख्खं कुटुंब पाच मिनिटांत पायावर डोकं ठेवून बाहेर!!

माळकरी: लांबूनच मुखदर्शन घ्यायचं मग. कळसाला हात जोडून परतणारे वारकरी काय कमी आहेत?

रांगेतला: हा सल्ला चिठ्ठीवाल्यांना द्या. वशिल्याशिवाय आई भेटत नाही हे कुठल्या अभंगात आलंय?

पायरी: कळसालाच हात जोडायचा आमचा आजा पण. फक्त त्याला मुखदर्शन हवंय का असं कुणी विचारलं नव्हतं.

माळकरी: ...ह्यावर बोलायला तोंड नाही मला.

मळीरान: धागा पुराचा, पोचला दर्शनबारीत, झकास. बुवा, शिव्या घालायला आई लागते एवढं मान्य, त्यापुढं नाही. पाणी ओसरल्यावर आमची म्हातारी घर सोडून आधी देव्हारा धुवायला बसली, बोटानं विठोबाच्या कानातला गाळ काढत त्यालाच म्हणते, "तुला बी पोहता आलं न्हाई व्हय रं."