पब्लिक लँडवर (सगळ्यांना खुल्या सरकारी जमिनीवर) शिकारीला होडीने जावं का?

सुकाणू: अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ज्याची स्वतःची जमीन नाही त्याने हरणाची शिकार करायची कुठे सांगा. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुमाराचा नऊ दिवसांचा गन सीझन (बंदुकीने शिकारीचा हंगाम) आला की पब्लिक लँडच्या पार्किंगला पहाटेच गाड्यांची रांग, उजाडलं की जिकडेतिकडे शिकाऱ्यांची केशरी जॅकेटं. म्हणून म्हणतो होडी घ्या, कयाकसुद्धा चालेल, आणि मिसिसिपी नदीतल्या बेटांवर उतरा. तिथलं रेफ्युज (वन्यजीवांसाठीचं राखीव क्षेत्र) १९२४ पासूनचं, २६१ मैल लांब, सगळ्यांच्या मालकीचं. हरणं दलदलीतल्या कोरड्या उंचवट्यावर बसतात, कान रस्त्याकडे. वारा बेटावरून पाण्याकडे येत असेल तर वल्हवत मागून जा, ना पाचोळा वाजतो ना वास जातो.

पाणकणीस: अजिबात पटलं नाही. गर्दीने हुसकावलं म्हणूनच हरणं तिथे गेली ना, मग तेवढी जागा तरी सोडा की. एकाने केलं की दहा जण करतात, आता होड्या पाण्यात सोडायच्या रॅम्पवरपण ट्रेलरची रांग लागायला लागलीये.

सुकाणू: हरीण पट्टीचं पोहतं हो, बेटावर अडकत नाही. आणि टॅग (दर हरणामागचा परवाना) असतील तेवढीच मारता येतात, होडीने गेलं म्हणून वाढत नाहीत.

मिनेसोटाकरीण: मला माणसांची काळजी वाटते. नोव्हेंबरचं पाणी, अंगावर जाड कपडे, येताना कयाकमध्ये मारलेला बक (नर हरीण) टाकला की काठ पाण्याच्या जेमतेम वर राहतो. उलटली तर काही मिनिटांत हातपाय चालेनासे होतात आणि जाड कोटावर बसत नाही म्हणून लोक लाइफ जॅकेट काढून ठेवतात!! रुंद, सपाट तळाची जॉन बोट असेल तरच जा.

रानवाट: टर्की पक्ष्याच्या शिकारीला तर होडीच हवी. एप्रिलमध्ये नर पाण्याकाठच्या कॉटनवुड झाडावर रात्र काढतो, सकाळी तुम्ही ओढ्याच्या अल्याड बसून मादीच्या आवाजात कितीही कॉल करा, तो पल्याड पिसारा फुलवून फिरत बसतो, सहज उडून येऊ शकतो तरी येत नाही. आणि इथून नाहीसे झालेले हे पक्षी परत आले कसे? १९७६ ला मिसूरी राज्यातून आणून इथल्या व्हर्नन काउंटीत सोडले, बदल्यात इथले ग्राउझ पक्षी दिले. अशा कामांना शिकाऱ्यांचं लायसन्स आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा टॅक्स पैसा पुरवतो, मग शिकाऱ्याला काठावर उतरायचा हक्क नको?

पाणकणीस: रानवाट, हे तर माझ्याच बाजूचं झालं. टर्कीची शिकार १९८३ ला सुरू झाली, तोवर हात लावला नाही म्हणून वाढले. थोडी बेटं वर्षाआड बंद ठेवा, एवढंच म्हणतेय.

सुकाणू: ताई, ते चालेल, पण मग सगळ्यांनाच बंद. समोरच्या काठावर खाजगी जमिनीत मचाणं बांधून लोक त्याच बेटांवरून पोहून येणारी हरणं टिपतात, त्यांना कोण थांबवणार?