कापसाचा ओलावा चालत नाही, मग पाझरणारा सुरुंग कसा चालला?

कापूसवाला_देवळी
31 मे 2016 च्या मध्यरात्रीनंतर पुलगावच्या लष्करी दारूगोळा डेपोत स्फोट झाला तेव्हा आमच्या गोठ्यावरची टिनं थरथरली होती. आगरगावचे लोक अंगावरच्या कपड्यानिशी निघाले. पुढं चौकशीत बोट गेलं ते टीएनटी हे स्फोटक पाझरणाऱ्या रणगाडाविरोधी सुरुंगांकडे. माझ्या कापसात ओलावा 12 टक्क्यांवर निघाला की खरेदी केंद्रावरून गाडी वापस. मागच्या हंगामात भरलेला मेटॅडोर तसाच घरी आणला. अन् 2020 मध्ये लष्कराच्याच अंतर्गत अहवालाची बातमी आली : सरकारी आयुध कारखान्यांकडून सहा वर्षांत 960 कोटींचा सदोष दारूगोळा, तेवढ्या पैशात 155 मिमीच्या शंभर तोफा आल्या असत्या. हा माल घेताना ओलावा कोणी पाहिला बे?

निवृत्त_हवालदार
भाऊ, राग बरोबर, पण निशाणा चुकला. बोफोर्स तोफांचा सौदा 1986 चा. लाचखोरीचा गवगवा झाला अन् त्यानंतर 2016 पर्यंत, तीस वर्षं, बाहेरून नवी मोठी तोफ घ्यायची कोणाची हिंमत झाली नाही. फाईलवर सही करायलाच साहेब लोक घाबरत. अन् कारगिलात कामी कोण आली? तीच बोफोर्स. पैसे खाल्ले जातात म्हणून बोंबलता, फाईल सडते त्याचा हिशेब कोण मांडते?

कॉलनीतला_पोरगा
आयुध कारखान्यांनी तो 960 कोटीवाला अहवाल मान्य केला नव्हता, तेही लिहा ना. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध कारखान्यात 24 जानेवारी 2025 ला स्फोटात आठ कामगार गेले. दारू हाताळणारे आम्हीच अन् शिव्या खाणारेही आम्हीच. माल इथून पास होऊन जाते, मग वर्षानुवर्षं कसा ठेवला ते कोणी विचारत नाही.

कापूसवाला_देवळी
कामगाराले कोण बोललं? पास करणाऱ्याले विचारून राहिलो. 2021 मध्ये आयुध कारखान्यांचं बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या, म्हणजे पाटी बदलली. जुन्या मालावरच्या सह्या कोणाच्या होत्या, ते समोर आलं काय?

निवृत्त_हवालदार
ते काही आलं नाही. तिथं मी तुमच्यासंग आहो. पण यावरून कोणी म्हणत असेल की खर्चच कापा, तर सियाचीनच्या बर्फात गॉगल नसलेल्या पोराले जाऊन सांगा. गॉगलच्या टंचाईचा तो अहवाल सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचाच होता, 2020 मध्ये संसदेत आलेला.

कापूसवाला_देवळी
कापा कोण म्हंते साहेब? मोजून घ्या म्हंतो.

कॉलनीतला_पोरगा
काका, मेटॅडोरचं भाडं किती लागलं?

कापूसवाला_देवळी
अठराशे. जायचे अन् यायचे धरून.