१७ सप्टेंबर फक्त आठ जिल्ह्यांचाच का?

बोरीकाठ
आमच्याकडे मराठवाड्यात १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, सकाळी झेंडावंदन असतं, पोरं प्रभातफेरी काढतात. नोकरीसाठी पुण्यात आलो त्या वर्षी या दिवसाची रजा मागितली, तर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं, "आज काय असतं?" माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, चांगला वाचणारा माणूस. राग आला नाही, पण फार वाईट वाटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १५ ऑगस्ट १९४७ला देश स्वतंत्र झाला तेव्हा औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. (त्यांचेच आज आठ झालेत.) निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. पुढचे तेरा महिने कासीम रझवीच्या रझाकारांचे, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचे. आजी त्या काळाला नुसतं 'रझाकारी' म्हणायची, एखाद्या दुष्काळाचं नाव घ्यावं तसं. गावातल्या कितीतरी घरांनी बायकापोरं बार्शी-सोलापूरला, हद्दीपलीकडे ठेवली होती. १३ सप्टेंबर १९४८ला सोलापूरकडून भारताची फौज शिरली, नळदुर्गला बोरी नदीवरचा पूल घेतला आणि पाचव्या दिवशी, १७ तारखेला, निजामाने शस्त्रं खाली ठेवायचा हुकूम दिला.

माझं म्हणणं असं की हा दिवस मुंबई, नागपूर, कोल्हापूरच्या शाळांतही पाळावा. सुट्टी नको. त्या दिवशी एक तास हा इतिहास शिकवा.

मुसीकाठचा मराठी
मी तीन पिढ्यांपासून हैदराबादेत. आधी नाव तरी ठरू द्या. एकच तारीख, पण मराठवाड्यात 'मुक्तिसंग्राम दिन', कर्नाटकात २०१९पासून 'कल्याण कर्नाटक उत्सव'. २०२२ साली आमच्या शहरात एकाच सकाळी केंद्र सरकारने 'मुक्तिदिन' केला आणि राज्य सरकारने 'राष्ट्रीय एकात्मता दिन'.

मला स्वतःला 'विलीनीकरण' हाच शब्द खरा वाटतो. ज्याच्यापासून मुक्ती मिळाली म्हणता, तोच निजाम २६ जानेवारी १९५०ला हैदराबादचा राजप्रमुख (राज्यपालासारखं पद) झाला आणि १९५६मध्ये राज्य मोडेपर्यंत त्या पदावर होता. शिवाय तेलंगणातल्या ज्या शेतकऱ्यांनी कम्युनिस्टांच्या झेंड्याखाली जमिनी घेतल्या होत्या, त्यांच्यावर हीच फौज नंतर चालून गेली. तो लढा थांबला १९५१च्या ऑक्टोबरात. त्यांनी १७ सप्टेंबरला कसली मुक्ती साजरी करायची?

बोरीकाठ
राजप्रमुखपदाचा मुद्दा मलाही सलतो. पण विलीनीकरण हे दोन दरबारांमधल्या कागदाचं नाव झालं. इथे माणसं लढली. १९३८ला उस्मानिया विद्यापीठात आणि औरंगाबादच्या कॉलेजात 'वंदे मातरम्' म्हणतो म्हणून मुलांना काढून टाकलं. त्यांना प्रवेश कुणी दिला? नागपूर विद्यापीठाने. पी. व्ही. नरसिंह राव त्यातलेच. म्हणजे उरलेल्या महाराष्ट्राचा या लढ्याशी संबंध नाही असं कुणी म्हणूच नये. पुढे गोविंदभाई श्रॉफांसारखे नेते, सरहद्दीवरचे लढणाऱ्यांचे कॅम्प, लढ्याच्या पैशासाठी लुटलेली उमरीची बँक, धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके. धोपटेश्वरच्या बाईने हातात शस्त्र घेतलं ते विलीनीकरणाच्या करारासाठी नव्हे.

आणि हा हिंदू-मुसलमान मामला करू नका, हेही आधीच सांगतो. 'इमरोज' या वर्तमानपत्राचे संपादक शोएबुल्ला खान भारतात सामील व्हा असं लिहीत होते. ऑगस्ट १९४८मध्ये त्यांना हैदराबादेत भर रस्त्यात मारलं.

दादर पश्चिम
आमच्याकडे १७ सप्टेंबर म्हटलं की प्रबोधनकार ठाकऱ्यांची जयंती. प्रत्येक भागाचा आपला दिवस असतो. गोव्याचा १९ डिसेंबर आम्ही शाळेत कधी पाळला नाही, म्हणून गोव्याबद्दल प्रेम कमी झालं का? वरून लादलेला दिवस म्हणजे शाळेला आणखी एक परिपत्रक. शिवाय भारतीय फौजेच्या जनरल चौधरींपुढे निजामाच्या सेनापतीने रीतसर शरणागती दिली ती १८ तारखेला.

मांजराकाठची लेक
तारखेचा वाद मला नको. माझा विरोध वेगळा आहे आणि जरा स्वस्थपणे वाचा.

रझाकारांनी काय केलं ते आमच्या घराने भोगलंय. काकाआजोबांचं शेत जाळलं, ते परत गावात आलेच नाहीत. पण 'अ‍ॅक्शन', म्हणजे ती फौजेची कारवाई, झाल्यावर पुढच्या काही आठवड्यांत जे झालं त्याचं काय? नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिने मेलेल्यांचा अंदाज दिला तो २७ ते ४० हजारांचा, बहुतेक सगळे मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कितीतरी वर्षं लोकांपुढे आलाच नाही. ज्यांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता असे विणकर, शेतमजूर त्यात गेले.

आमच्या गावात वेशीजवळ एक विहीर बुजवलेली आहे. का बुजवली, हे आजोबा शेवटपर्यंत बोलले नाहीत. प्रभातफेरी तिच्यावरून जायची आणि आम्ही घोषणा देत चालायचो. मला आता त्या दिवशी घोषणा देववत नाही.

दुधनेचं पाणी
मी जालन्याचा शेतकरी. इतिहास दोन्ही बाजूंचा शिकवा, हरकत नाही. पण मराठवाडा महाराष्ट्रात आणण्यासाठी झालेल्या १९५३च्या नागपूर कराराने आम्हाला समतोल विकासाचा शब्द दिला होता, त्याचं बोला. त्या समतोलासाठी नेमलेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२०मध्ये संपली. मे महिन्यात आमच्या गावाला टँकरशिवाय पाणी नाही. कोल्हापूरच्या पोरांनी आमच्यासाठी झेंडा लावून माझ्या मोसंबीला काय मिळणार?

बोरीकाठ
दादा, ज्यांना आपण कुठून आणि कसे आलो तेच ठाऊक नाही, ते आपल्या पाण्याचा हक्क कशाला मानतील? आजी सांगायची, पलीकडे गेलं की लोक "मोगलाईतले", म्हणजे निजामाच्या मुलुखातले, म्हणायचे. ते परकेपण अजून पुरतं गेलेलं नाही, म्हणून तर हा धागा काढला.

ताई, तुमचं वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही. गावी फोन केला. वडील म्हणाले, आपल्याकडेही झालं होतं, शिंप्याचं घर होतं, तू कधी विचारलं नाहीस. आजीने मला रझाकारीच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, ही नाही सांगितली.

दिवस सोडायला मी तयार नाही. दगडाबाई खऱ्या आहेत, तसं ते शिंप्याचं घरही खरं आहे.

मांजराकाठची लेक
मग त्या एका तासात शिंप्याचं घर येणार का? येणार असेल तर आमच्या गावच्या शाळेत तो तास घ्यायला मी स्वतः जाते.

बोरीकाठ
येणार. वडील ८४ वर्षांचे आहेत. या दिवाळीत त्यांच्याजवळ बसून सगळं उतरवून घेतो, शिंप्याच्या नावासकट.