सी-विंगच्या आजींच्या ओव्या आणि माझं शेवटचं सबमिशन

बी-४०२ : नमस्कार सोसायटीतल्या मंडळी. काल रात्री शेवटचं सबमिशन अपलोड केलं आणि दैवतकथा-लोकसाहित्याच्या ऑनलाईन कोर्सचं सेमिस्टर संपलं. तुमच्यातल्या कितीतरी जणांना मी लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी गाठून "तुमच्याकडे ही गोष्ट कशी सांगतात?" असं विचारलंय. तुम्ही वेळ काढून सांगितलंत, त्याबद्दल मनापासून आभार. सगळ्यात मोठे आभार सी-२०३ च्या आजींचे. माझा शेवटचा प्रोजेक्ट त्यांच्या जात्यावरच्या ओव्यांवर होता.

बी-३०४ : सुफळ संपूर्ण ताई! पार्टी कधी?

सी-५०१ : खूप अभिनंदन 👏 ऑफिस सांभाळून केलंत, कौतुक आहे.

ए-१०१ : अभिनंदन. एक शंका आहे. मिथ म्हणजे भाकडकथाच ना? मग आपल्या रामायणाला मिथ म्हणायचं हे मनाला पटत नाही.

बी-४०२ : काका, पहिल्या आठवड्यात मीही हेच विचारलं होतं. बोलताना मिथ म्हणजे खोटी समजूत असं आपण म्हणतो, पण अभ्यासात त्याचा अर्थ तसा नाही. ज्या कथेला धरून माणसं जगतात, सण करतात, बरंवाईट ठरवतात, ती कथा. मी तरी दैवतकथा हाच शब्द वापरते.

ए-१०१ : हे चालेल. आजींनी काय सांगितलं?

बी-४०२ : सांगते, जरा मोठं होईल. आजी मुळशीकडच्या. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि त्यांना दोन ओळींपुढे आठवेचना. चहा झाला, तरी नाही. मग त्यांनी डायनिंग टेबलवरचा स्टीलचा डबा ओढला, झाकणावर मूठ ठेवली आणि खुंटा धरल्यासारखा हात गोल फिरवायला लागल्या. तिसऱ्या फेऱ्याला गळा मोकळा झाला. चाळीस मिनिटं थांबल्या नाहीत. मध्ये स्वयंपाकघरात मिक्सर लागला, तोही रेकॉर्डिंगमध्ये आहे. हात थांबला की ओवी थांबायची. दळणाची लय अंगात असते आणि शब्द तिच्यावर बसलेले असतात, हे मी वाचलं होतं. त्या दिवशी समोर पाहिलं.

बऱ्याच ओव्या सीतेच्या वनवासाच्या. रानात सीतेला धीर द्यायला आई नाही, बहीण नाही, तर बोरी-बाभळीच बायका होऊन तिच्याजवळ बसल्या. लव आणि अंकुश (ओवीत कुशाला असंच म्हणतात) रानात जन्मले, तिथं पाळणा कुठला आणि सुईण कुठली. आणि रामाला तर सरळ बोल लावलाय.

सी-२०३ : हो, आई त्या ओवीला दर वेळी डोळे पुसतात.

ए-१०१ : रामाला बोल? ताई, मत म्हणून सांगतो, तेवढं गाळलं असतं तरी चाललं असतं. आणि भाषाही थोडी शुद्ध करून घेतली असती तर वाचणाऱ्याला बरं.

सी-५०१ : मलाही वाटतं, ग्रुपवर टाकणार असाल तर वादाच्या ओव्या नकोत.

बी-४०२ : काका, भाषा मी शुद्ध केली होती, खरंच. पहिल्या खर्ड्यात "बोलं"चं "बोलली" केलं, "व्हती"चं "होती" केलं. मग मोठ्याने वाचून पाहिलं तर डब्यावर हात फिरेना. लयच गेली होती. सगळं पुसलं आणि रेकॉर्डिंग ऐकून आजींच्या तोंडी आहे तसं परत लिहिलं.

गाळण्याबद्दल सांगू का? ग्रिम बंधूंचा पहिला खंड १८१२ साली आला. त्यात हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत त्यांनी तिची सावत्र आई केली. तेव्हापासून हिमगौरीच्या गोष्टीत सावत्र आईच दुष्ट. लिहून घेणाऱ्याने एक शब्द बदलला आणि पुढच्या सगळ्या पोरांनी तेच ऐकलं. हे कळल्यावर माझं पेन जपून चालायला लागलं.

आणि आपल्याच पुण्यात बघा. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ ते १९६६ चाललं, १,२५९ हस्तलिखितं ताडून. मुख्य पाठात जे बसलं नाही ते पंडितांनी फेकलं नाही. पाठभेद म्हणून पानाच्या तळाशी छापलं. पोथीला एवढा मान देतो, तर आजींच्या तोंडच्या शब्दालाही द्यायला हवा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी पुण्यात राहून १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट. त्यातही सीतेचं दुःख आहेच. भल्या पहाटे, घर झोपलेलं असताना, दुसरं कुणी ऐकत नाही अशा वेळी बायका जात्यापाशी मनातलं बोलायच्या. तेच गाळलं तर उरलं काय?

बी-३०४ : ताई, हे भारी आहे. मला रेकॉर्डिंग ऐकायचंय.

ए-१०१ : तुमचा मुद्दा पटतो. माझी आई शिरूरकडची, तीही दळताना सीतेची ओवी म्हणायची. पण तिच्या ओवीत बोरी-बाभळी नव्हत्या, हरिणी यायच्या. साठ वर्षांत हे कुणाला सांगितलं नव्हतं.

बी-४०२ : काका! हाच पाठभेद. आठवेल तेवढं बोलून पाठवा, सुरात नसलं तरी चालेल.

ए-१०१ : दोनच ओळी आठवतात. संध्याकाळी पाठवतो.

बी-४०२ : सी-२०३, रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकू का, हे आजींना विचाराल? कोर्सपुरती परवानगी घेतली होती, ग्रुपची नाही. त्या नाही म्हणाल्या तर फाईल माझ्याकडेच राहील.

सी-२०३ : विचारलं. आई म्हणतात, "टाका, पण खाली माझ्या सासूचं नाव आधी लिहा, ओव्या तिच्या आहेत." सरांनीही विचारलं होतं ना, या कुणाकडून शिकल्या म्हणून?

बी-४०२ : हो, शिकवणाऱ्या सरांचा शेरा तोच होता. दोघींची नावं लिहिते, सासूबाईंचं आधी.

सी-२०३ : आणि त्यांना रात्री अजून एक आठवली म्हणे. भावाची आहे, माहेरच्या वाटेवरची. उद्या सातच्या आत या, नंतर मिक्सर लागतो.

बी-४०२ : पावणेसातला येते. डबा तोच ठेवा.