मदत हवी आहे: कांद्याच्या बातम्या वाचून माल काढायचा की थांबायचं, हे तुम्ही कसं ठरवता?

नमस्कार मंडळी,

मी निफाड तालुक्यातला. कांदा आणि थोडी द्राक्षबाग. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात, एप्रिलमध्ये भरलेला साधारण २०० क्विंटल उन्हाळ कांदा आहे. भावाच्या, निर्यातीच्या, पावसाच्या बातम्या दिवसभर येत असतात, पण त्यातून निर्णय कसा काढायचा हे मला जमत नाही. म्हणून हा धागा.

सकाळी दूध काढून होईस्तोवर फोनवर वीस-पंचवीस मेसेज पडलेले असतात. कुठे भाव उसळला, कुठे कोसळला, कुठल्या देशाने आयात बंद केली, नाफेडची खरेदी सुरू होणार. एकाच दिवशी एकाच बाजार समितीचे दोन वेगळे आकडे. कुठला धरायचा?

आमच्या आण्णांची पद्धत वेगळी. त्यांचा भरवसा छापील कागदावर. उपयोगाचं काही दिसलं की द्राक्षाचे मणी विरळ करायच्या कात्रीने कापून घेतात आणि खताच्या रिकाम्या पिशवीत ठेवतात. ती पिशवी ओसरीत खुंटीला टांगलेली असते. परवा त्यातलं एक कात्रण हातात आलं, फुलकिडे आणि जांभळा करपा यावरचं, पिवळं पडलेलं. कडेला त्यांनी पेनाने लिहिलंय, 'विहिरीकडचे २२ गुंठे. केलं. करपा थांबला, फुलकिडे नाही.' खाली तारीख. मी बराच वेळ तो कागद बघत बसलो. मी रोज त्यांच्या दहापट वाचतो, पण मी वाचलेल्याचं पुढे काय झालं याची माझ्याकडे एक ओळ नाही.

आता ज्यामुळे हे लिहितोय ते सांगतो. १८ फेब्रुवारी २०२४, रविवार. संध्याकाळी बातमी फिरली, कांद्याची निर्यातबंदी उठली. सोमवारी सकाळी आमची रांगड्याची, म्हणजे हिवाळ्यात निघणाऱ्या कांद्याची, ट्रॉली भरून उभी होती. आण्णा निघायच्या बेतात होते, मीच अडवलं. म्हटलं, आता भाव चढणार, दोन दिवस थांबू. लासलगावला शनिवारी क्विंटलला १२८० रुपये असलेला भाव त्या सोमवारी १८०० वर गेला, तेव्हा वाटलं अजून चढेल. मंगळवारी केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी सांगितलं की बंदी उठलेली नाही, ३१ मार्चपर्यंत ती लागूच आहे. रांगडा काही ठेवायचा कांदा नाही. पुढच्या आठवड्यात आमचं वक्कल, म्हणजे लिलावातला आमचा ढीग, ११७० ने गेलं. आण्णा एक शब्द बोलले नाहीत. काटापट्टीची, म्हणजे वजन आणि भाव लिहिलेल्या पावतीची, घडी घातली आणि त्याच पिशवीत ठेवली.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. छापून येणाऱ्या भावातला कुठला आकडा आपला धरायचा? सरकारी निर्णयाची बातमी खरी की नुसती हवा, हे त्याच दिवशी कसं ओळखायचं? आणि हवामानाच्या बातमीत 'तुरळक ठिकाणी' म्हणतात त्यावर चाळ फोडायची की नाही? चाळ फोडली की निवडायला, भरायला दोन कोरडे दिवस तरी लागतात.

कोणी वही ठेवत असेल तर ती कशी, तेही सांगा.

गोदाकाठ:
दादा, भावाचं सांगतो. बाजार समितीच्या पत्रकात तीन आकडे असतात: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. ग्रुपवर फिरतो तो जास्तीत जास्त. तो बऱ्याचदा एखाद्याच वक्कलाला मिळालेला असतो, एकसारखा, रंगदार, पत्ती टिकलेला माल. आपल्या ट्रॉलीत गोल्टी म्हणजे बारीक कांदा असतो, थोडा उललेला असतो. आपल्याला सर्वसाधारण दरच बघायचा. तुम्हाला एका दिवसाचे दोन आकडे दिसतात तेही बहुधा यामुळेच, एकाने कमाल लिहिलेला, दुसऱ्याने सर्वसाधारण.

दराशेजारी आवक लिहिलेली असते ती सोडू नका. आवक निम्म्यावर आली आणि भाव शंभराने वाढला तर त्या वाढीवर विसंबायला नको, दुसऱ्या दिवशी सगळे ट्रॉल्या घेऊन हजर असतात. आवक तेवढीच राहून भाव तीन-चार दिवस चढत गेला तर मागणी खरी आहे असं मी धरतो. हे सगळं पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोज येतं.

माझी वही साधी आहे. तारीख, सर्वसाधारण दर, आवक, आणि चौथ्या रकान्यात माझ्या मालाला मिळालेला दर. दोन हंगामांनी कळलं की मी सर्वसाधारणपेक्षा साधारण शंभर-सव्वाशेने खाली जातो. आता बातमीतल्या आकड्यातून तेवढे आधीच वजा करतो.

आणि थांबायचं असेल तर घट धरा. समजा आज १४०० भाव आहे आणि तुमचा चौथा हिस्सा सडून-सुकून जाणार. मग नंतर १८६७ मिळाले तरच आजच्या १४०० ची बरोबरी होते. निवडायची मजुरी वेगळी. '१८०० होणार' ही बातमी वाचून थांबणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा, माझं कळकळीचं सांगणं आहे.

टेकडीपलीकडे:
मी काही वर्षं एका निर्यातदाराच्या पॅकहाऊसवर काम केलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बातमीच्या क्रियापदात असतं. 'उठवणार', 'हालचाली सुरू', 'सूत्रांची माहिती' असं असेल तर कंटेनर हलत नाही. निर्यातीला परवानगी किंवा बंदी ही विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेने होते. तिला क्रमांक असतो, तारीख असते. बातमीत त्यातलं काहीच नसेल तर आम्ही गोणी शिवत नव्हतो. त्या फेब्रुवारीत नेमकं हेच झालं, बातमी होती, अधिसूचना नव्हती.

दुसरं म्हणजे बंदी उठली हे खरं असलं तरी कोणत्या अटीवर उठली ते वाचावं लागतं. ८ डिसेंबर २०२३ ला लागलेली बंदी ४ मे २०२४ ला उठली. पण सोबत टनाला किमान ५५० डॉलर निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क होतं. म्हणजे ५५० वर आणखी २२० डॉलर. मथळा वाचून लोक खूश झाले, आणि आमचा मालक कॅल्क्युलेटर घेऊन बसला तो बाहेरच्या गिऱ्हाईकाला भाव सांगेना. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं. ते शुल्कही १ एप्रिल २०२५ पासून गेलं. दीड वर्षात एवढ्या वेळा नियम बदलला, त्यामुळे जुनी बातमी नवी म्हणून फिरवली तरी कोणाला कळत नाही. तारीख बघितल्याशिवाय पुढे पाठवू नका.

मृगसरी:
हवामानाचं मी सांगते, मी कृषी पदविका केलीय. त्या शब्दांना ठरलेले अर्थ आहेत. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५०, त्याच्यावर 'बऱ्याच ठिकाणी', आणि ७५ च्या वर गेलं की 'बहुतांश ठिकाणी'. हे झालं किती जागी त्याचं. किती जोराचा, ते वेगळं: 'जोरदार' म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे. 'तुरळक ठिकाणी जोरदार' वाचून लोक सरी समजतात. पण ज्याच्या वावरात पडेल त्याच्याकडे तो धो धो पडतो.

त्यामुळे चाळ फोडायची असेल तर 'तुरळक' असलं तरी ताडपत्री जवळ हवी. 'बऱ्याच ठिकाणी' असेल तर मी हात लावणार नाही. कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, पुढच्या पाच दिवसांचा. 'मेघदूत' ॲपवर मराठीत मिळतो. शुक्रवारचा सल्ला वाचून मजूर सांगा.

रेणुकेची लेक:
माझ्या सासूबाईंना वाचता येत नाही, आणि घरातली निम्मी शेती त्याच बघतात. त्यांच्यासाठी रेडिओवरचं 'माझं घर माझं शेत' आणि टीव्हीवरचं 'आमची माती आमची माणसं' हेच त्यांचं वर्तमानपत्र. त्या ऐकलेलं विसरत नाहीत, पण प्रश्न विचारायची सोय नव्हती. गेल्या वर्षी त्यांना किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर लावून दिला. फुकट आहे, सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत बोलतात. पहिल्यांदा लाजल्या, आता स्वतःच लावतात. पिकाबद्दल काही असलं की त्या आधी पान तोडून हातात घेतात आणि मग फोन लावतात, म्हणजे डाग कसा आहे ते बघून सांगता येतं. दादा, तुमच्या आण्णांनाही हा नंबर लिहून द्या. आणि ती कात्रणं जपा. कडेचं लिहिलेलं तुमच्या मातीतलं आहे, ते दुसरीकडे कुठे छापून येणार नाही.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सगळं आण्णांना वाचून दाखवलं. घटीचा हिशेब त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग उठले, पिशवी काढली आणि जुन्या काटापट्ट्या तारखेने लावून दिल्या. २०१९ पासूनच्या आहेत. त्या-त्या दिवसाचा सर्वसाधारण दर शोधून मी शेजारी लिहायला घेतलाय. आत्तापर्यंत अकरा झाल्या, आठ वेळा आम्ही खाली होतो, आणि त्यातल्या सहा वेळा माल न निवडता नेलेला होता. हे आण्णांच्या आठवणीतलं, काटापट्टीवर ते नसतं.

शुक्रवारचा सल्ला बघून अर्धी चाळ फोडायचं ठरलंय. अर्धी ठेवतोय.

गोदाकाठ दादा, एक राहिलं. घटीचा आकडा तुम्ही कशावरून धरता? भरताना वजन केलेलं नसेल तर आता चाळीची लांबी-रुंदी-उंची मोजून काढता येईल का? आमच्याकडे भरतानाच्या ट्रॉल्यांची संख्या तेवढी आहे, बाकी काही नाही.