स्वमग्न निवेदिकेची भाषा: लहान, कोरडी वाक्ये हा एकच मार्ग आहे का?

प्रश्न: कृष्णाकाठ (सांगली)

ऑगस्ट २०१९ च्या महापुरावर मी एक दीर्घकथा लिहीत आहे. ती सांगणारी मुलगी १३ वर्षांची, सांगलीच्या गावभागात राहणारी आणि स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. तिला पूर कळतो तो कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीतून: ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, आणि त्या दिवसांत पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. 'नदीने रौद्र रूप धारण केले' असे ही मुलगी म्हणणार नाही, या समजुतीने मी तिच्या निवेदनातून वाक्प्रचार, उपमा आणि भावनांचे शब्द काढून टाकले व वाक्ये चार-पाच शब्दांची ठेवली. मसुदा वाचून मैत्रीण म्हणाली, की ही मुलीची गोष्ट वाटत नाही, तलाठ्याचा पंचनामा वाटतो. एक प्रसंग गाळावा असेही तिचे मत पडले. पुरात रिक्षावरच्या भोंग्यातून 'नदीकाठच्या नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे' अशी सूचना फिरत असे; पूर ओसरल्यावरही कुकरची शिट्टी झाली की मुलगी तेच वाक्य म्हणते. मैत्रिणीला ही निरर्थक पुनरुक्ती वाटली. भाषा कोरडी न होता या मुलीचीच कशी राहील?

उत्तर: निवृत्त मराठी शिक्षिका (सातारा)

रूपके गाळण्याचा हा संकेत आपल्याकडे बहुधा इंग्रजी कादंबऱ्यांमधून आला असावा. मार्क हॅडन यांच्या 'द क्युरिअस इन्सिडंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' या २००३ सालच्या प्रसिद्ध कादंबरीतला १५ वर्षांचा निवेदक रूपकाला खोटे मानतो; पण उपमा त्याला चालते, हे अनुकरण करणारे विसरतात.

मराठीत तर वेगळीच सोय आहे. आपल्याकडे राग 'येतो', भीती 'वाटते', भूक 'लागते' आणि ज्याला हे होते तो चतुर्थीत, 'मला' म्हणून उभा असतो. भावना बाहेरून येऊन माणसावर आदळते, हे आपल्या रोजच्या व्याकरणातच आहे. ठेच लागते तसा आवाजही लागतो. 'शिट्टी झाली आणि मी घाबरले' यापेक्षा 'शिट्टी मला लागली' हे वाक्य त्या मुलीच्या अंगाजवळचे आहे, आणि त्यात काहीही ओढूनताणून आणलेले नाही.

सर्वनामांकडेही पाहावे. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. ही मुलगी 'आपण' कोणाशी बोलताना म्हणते, एवढे ठरवले तरी तिची माणसे कोणती ते वाचकाला कळेल.

उत्तर: सतारमेकर गल्ली (मिरज)

मी स्वतः स्वमग्न आहे. निदान वयाच्या एकतिसाव्या वर्षी झाले. माझी वाक्ये लहान नसतात. सतारीच्या भोपळ्यावर कानस फिरू लागली की तिचा आवाज कोरड्या जागी कसा असतो, कडेला कसा बदलतो, आणि कारागीर मध्येच थांबून अंगठ्याने कड कशी तपासतो, हे सांगताना यातले एकही मला गाळता येत नाही, कारण गाळले तर सांगितलेलेच खोटे ठरते असे मला वाटते. तुमच्या मुलीला पाण्याच्या पातळीविषयी बोलू द्या आणि ते वाक्य लांबू द्या.

वाक्प्रचार मला आवडतात. 'पोटात कावळे ओरडतात' हे ऐकताना मला अर्थही कळतो आणि कावळेही दिसतात, दोन्ही एकदम. ते काढून टाकले तर माझ्या मनातले अर्धे चित्र जाते.

भावनांचे शब्दही काढू नयेत; ते उशिरा यावेत. 'मामांनी पेला ठेवला. पाणी सांडले. नंतर कोणी बोलले नाही. रात्री अंथरुणात मला कळले, की ते चिडले होते.' माझ्या बाबतीत असे होते. समोरच्याचा राग मला दिसत नाही हे खरे नाही. तो मला भूतकाळात दिसतो. म्हणून तुमच्या कथेत काळाची रूपे वाक्यांच्या लांबीपेक्षा जास्त महत्त्वाची आहेत.

उत्तर: एका मुलाची आई (विटा)

भोंग्याचे वाक्य कृपया गाळू नका. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ स्वमग्न मुलांविषयी जो लेख लिहिला, त्यातही ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी म्हणणारी आणि स्वतःला 'तू' म्हणणारी मुले आहेत. माझा मुलगा लहानपणी तहान लागली की 'तुला पाणी पाहिजे?' असे म्हणे. ते माझेच वाक्य होते, माझ्याच सुरात. मराठीत क्रियापदही पुरुषाप्रमाणे बदलते, त्यामुळे 'जेवलास का?' असे तो विचारी तेव्हा पाहुणे आपल्याला विचारले असे समजून उत्तर देत आणि तो ताटाजवळ तसाच बसून राही. वाक्य उसने असले तरी भूक त्याची होती.

तुमच्या मुलीला भीतीसाठी मिळालेले वाक्य भोंग्याचे आहे, एवढेच. तिच्या घरात ते कोणाला तरी कळायला हवे.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांची मनापासून आभारी आहे. भोंग्याचे वाक्य परत घेतले आहे. तो परिच्छेद आता असा झाला आहे:

'कुकरची पहिली शिट्टी मला पाठीत लागली. नदीकाठच्या नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे. आजीने गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि ती माझ्याबरोबर गच्चीवर आली. मी तिला म्हणाले, आपण इथेच थांबू.'