एच-४ वर स्वतःचा धंदा: कर्जाला सही कोणाची?

सुईदोरा:
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत, एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१बी वर्क व्हिसामुळे मिळालेला जोडीदाराचा व्हिसा). ईएडी (काम करायच्या परवानगीचं कार्ड) आल्यापासून घरीच अल्टरेशनची कामं घेते. सुरुवात ब्लाउज आणि फॉल-बिडिंगने झाली, आता निम्मं काम लग्नाच्या गाउनचं. मागचा लांब घोळ नाचताना वर अडकवता यावा म्हणून आतून फिती आणि हूक लावायचे, एकेका गाउनला तीन तास जातात. बेसमेंट पुरेना झालंय.

एक छोटा गाळा पाहिलाय. मालकाला तीन वर्षांचा करार हवा, वर माझी वैयक्तिक हमी. डिपॉझिट आणि दोन मशीन धरून ९,००० डॉलर लागतील, म्हणून बँकेत गेले. दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न, हिशेबाची वही, सगळं नेलं. तिथल्या बाईंनी ईएडीवरची तारीख पाहिली (सात महिने उरलेत) आणि फॉर्म सरळ नवऱ्यापुढे सरकवला. तो बिचारा नुसता गाडी चालवायला आला होता!

भारतात मी कर्ज काढून फेडलंय. इथे त्या फेडीला कोणी विचारत नाही. नवऱ्याच्या नावावर घ्यायचं नाहीये. कोणी वाट काढलीय का?

रोखठोक:
नवऱ्याच्या नावावर घ्या. पैसा तोच.

सुईदोरा:
पैसा तोच, पण क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीवरून ठरणारी पत) त्याचा वाढणार. पाच वर्षांनी मी पुन्हा शून्यावर.

हातचा_एक:
तू स्वतः निकषात बसत असशील तर नवऱ्याची सही मागता येत नाही, १९७४ च्या इक्वल क्रेडिट ऑपॉर्च्युनिटी ॲक्टमुळे. पण तुझं व्हिसाचं स्टेटस विचारात घ्यायची मुभा बँकेला आहे, आणि घोडं तिथेच अडतं. एसबीएच्या (छोट्या धंद्यांसाठीचं सरकारी खातं) हमीचं कर्ज एच-४ वर मिळणार नाही, त्यात वेळ घालवू नकोस.

कीवा बघ, लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवून कर्ज देणारी संस्था. १५,००० डॉलरपर्यंत, बिनव्याजी, किमान स्कोअरची अट नाही. आधी ओळखीच्या लोकांनी थोडे थोडे घालायचे, मग ते सगळ्यांसाठी खुलं होतं. शिवाय धंदा करणाऱ्या बायकांना मदत करणारं जवळचं विमेन्स बिझनेस सेंटर गाठ. १९८८ पर्यंत काही राज्यांत धंद्याच्या कर्जाला बाईला पुरुष नातेवाइकाची सही लागायची. ते ज्या कायद्याने बंद झालं, त्यातूनच ही सेंटर निघाली.

आणि सगळ्यात आधी ईएडी! ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मुदतवाढ मिळत नाही. जुनं संपलं आणि नवं आलं नाही, तर स्वतःच्या दुकानातसुद्धा सुई उचलता येणार नाही. अर्ज १८० दिवस आधी करता येतो, म्हणजे तुला पुढच्याच महिन्यात.

निळी_ओढणी:
मी कोकणी मुसलमान, शिकागोजवळ डे-केअर चालवते. माझ्याकडे ग्रीन कार्ड, स्कोअरही चांगला. फोनवर गाळामालक गोड बोलला. हिजाब घालून समोर गेले तर म्हणे, गाळा कालच गेला. जाहिरात पुढचे तीन आठवडे तशीच होती. बँकेत विचारलं, "तुमच्याकडे तुमच्याच लोकांची मुलं येतात ना?" पुढच्या खेपेला हजेरीपटच नेला. आडनावं वाचून साहेब गप्प.

सुई, करारात सुटकेची अट मागच. काम करायची परवानगी गेली तर ६० दिवसांच्या नोटिशीवर बाहेर पडता यावं. वैयक्तिक हमीलाही रकमेची मर्यादा घालून घे. मी नव्हती घातली. दुसऱ्या जागेचं भाडं वर्षभर अंगावर होतं.

सुईदोरा:
मालकाला फोन केला. सुटकेच्या अटीवर "वकिलाला विचारतो" म्हणाला, नाही म्हणाला नाही. कीवासाठी नावं काढतेय. पहिलं नाव एका नवरीच्या सासूबाईंचं. सुनेचा गाउन बघून त्याच रडल्या होत्या. रोखठोक, २५ डॉलरसुद्धा चालतात. तुमचे किती लिहू?